त्यांच्या मशिदीचं छत

ता. ९ जानेवारी

ती. अब्बांना लेकीचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता, म्हणून अम्मीच्या हुकमावरून यापुढे मीही सगळं कागदावरच लिहिणार आहे. अक्षराला हसू नका. इंजिनिअरचं अक्षर आहे, पेशइमामांचं नाही.

नगरपालिकेच्या इमारत-तपासणी खात्यात आता अंगवळणी पडलं आहे. खात्यात मी एकटीच बाई, त्यामुळे शिडी धरायला सगळे धावतात आणि शिडीवर चढायला कुणी नाही. पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने.

मागच्या आठवड्यात शियांच्या मशिदीची तपासणी माझ्या वाट्याला आली. इथल्या आपल्या सुन्नी मशिदीपासून दोन गल्ल्या सोडून आहे. साठ वर्षांची इमारत. छताला हातोडीने ठोकत गेले. काँक्रीट भरीव असलं की खणखणीत वाजतं, इथे बदबद आवाज येत होता. दोन ठिकाणी पोपडे उकरले, तर आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या. बायका बसतात त्या सज्जावरच्या बीमला माझं नख आत जाईल एवढी चीर. खाली शुक्रवारी तीनशे माणूस उभं राहतं. मी अहवालात लिहिलं, आजपासून बंद.

त्यांचे विश्वस्त निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना भूगोलमास्तर म्हणतात. अहवालावरचं माझं नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग अगदी सभ्यपणे विचारलं, की तुमच्या सुन्नी मशिदीचंही छत तुम्ही असंच ठोकून पाहिलंत का. मागून कुणीतरी म्हणालं, की एवढ्या वर्षांत सुन्नींना जमलं नाही ते यांनी एका कागदावर करून दाखवलं.

ते मी गिळलं असतं. पण शुक्रवारी आपल्या मशिदीत बायकांनी मला घोळक्यात घेतलं. बरं झालं, त्यांची कटकट गेली, असं म्हणून एकीने माझी पाठ थोपटली. अब्बा, ती थाप अजून पाठीवर आहे.

छताबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण दुरुस्ती होईपर्यंत ही माणसं जाणार कुठे? आपल्या मशिदीचा खालचा हॉल दुपारनंतर रिकामा असतो. तो त्यांना देता येईल का? तुमचं मत कळवा.

अम्मीला सलाम. लेकीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
चिमणी

ता. १८ जानेवारी

चि. चिमणीस अनेक दुवा.

पत्र तुझ्या अम्मीला मोठ्याने वाचून दाखवलं. शिडीपर्यंत आल्यावर तिने मला थांबवून विचारलं, की मुलीने डोक्यावर टोपी घातली होती का. मी म्हटलं, घातली असेल. ती म्हणाली, असेल नको, विचारा. तर कळव.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. छताला सुन्नी-शिया कळत नाही. मास्तरांच्या बोलण्याचा राग धरू नकोस. स्वतःच्या मशिदीला कुलूप लागताना माणूस सरळ बोलेल अशी अपेक्षा करणंच चूक. त्यांना पुन्हा बोलाव आणि तुझी हातोडी त्यांच्या हातात दे. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं माणूस नाकारत नाही. आणि ज्यांनी पाठ थोपटली त्यांच्यापासून चार हात लांब बस.

हॉलचं मात्र डोक्यातून काढ. अडतीस वर्षं मी इमामत केली. त्यांची अजान वेगळी, वेळा वेगळ्या, आपण हात बांधतो तिथे ते सोडतात, कपाळ टेकायला मातीची वडी ठेवतात. आज सगळे अदबीने वागतील आणि महिन्याने एखाद्या फालतू गोष्टीवरून डोकी फुटतील. लांब राहून सलाम करावा, त्यातच दोघांची अब्रू आहे. तुझं काम अहवालाचं होतं, ते झालं.

थंडी आहे, मफलर वापर. आठवण ठेवत जा.

तुझे,
अब्बा

ता. २ फेब्रुवारी

ती. अब्बांना सलाम. वि. वि.

टोपी घातली होती. पिवळी. अम्मीला सांगा, हनुवटीखाली पट्टासुद्धा होता.

तुमचा हातोडीचा सल्ला मानला. भूगोलमास्तर बहात्तर वर्षांचे, पण शिडीवर चढतोच म्हणाले. मी खालून धरली. कुठे ठोकायचं ते मी सांगितलं नाही. त्यांनी मिहराबाच्या कोनाड्याजवळ सुरुवात केली, तिथे आवाज चांगला आला आणि त्यांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. मग सरकत सरकत मधोमध आले. आवाज बदलला. पुन्हा ठोकलं. मग शिडी वर सज्जात लावली, तिथे तिसऱ्या ठोक्याला परातीएवढा पोपडा सुटून चटईवर पडला. दर शुक्रवारी त्या चटईवर त्यांची बहीण बसते. मास्तर उतरले. किल्ली स्वतः फिरवली आणि पायरीवर बसून राहिले. मीही शेजारी बसले. तेव्हा म्हणाले, की माफ करा, तुमच्या नावाने मी बरंच बोललो आहे.

आता दुसरी बातमी. त्यांचा पहिला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून खात्याची परवानगी काढून आपल्या मशिदीचीही तपासणी केली. इमारत ठणठणीत आहे, पण वरच्या मजल्यावर वुजूला हातपाय धुतात तिथला कठडा हलतो. तो भाग बंद केला. आता पाठ थोपटणाऱ्या बायका माझ्याकडे बघत नाहीत. तुम्ही सांगितलेले चार हात त्यांनीच मोजून घेतले.

शियांची मंडळी सध्या बंद दारासमोर रस्त्याकडेला नमाज पढतात. म्हातारी माणसं गार फरशीवर बसतात. अब्बा, तुम्ही नको म्हणालात तरी मी हॉलसाठी आपल्या कमिटीकडे गेले. रागवा. अध्यक्ष म्हणजे लाकूडवाले चाचा. लहानपणी ते तुमच्याकडेच कुराण शिकले ना? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, की मी कमिटीत एकटा नाही, पण तुझ्या वडिलांच्या हातच्या दोन ओळी आणल्यास तर इथे कुणी तोंड उघडणार नाही.

तेव्हा गोष्ट फिरून तुमच्याच दारात आली आहे. तुम्ही नाही लिहिलंत तर मी रुसणार नाही. पण नाही का, ते मला समजेल असं लिहा. डोकी फुटतील हे कारण मला पुरत नाही. फुटायची ती डोकी परवा छताखाली फुटली असती.

जास्त बोलले असेन तर पदरात घ्या.

तुमची,
चिमणी

ता. २३ फेब्रुवारी

चि. चिमणीस दुवा.

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी आहे, काळजी नको. तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं. तुझी अम्मी म्हणाली, की मुलीला खोटं लिहायला वेळ लागतो, खरं एका बैठकीत होतं.

तू पाळण्यात होतीस तेव्हाची गोष्ट आहे. दुपारची नमाज. सफ सरळ करा, रांगा नीट करा म्हणायला मी मागे वळलो. दुसऱ्या रांगेत एक परगावचा माणूस होता, पायांवर प्रवासाची धूळ. त्याने खिशातून मातीची वडी काढून पुढ्यात ठेवली. शेजारच्याने ती पायाने सरकवली. दुसऱ्याने त्याचा दंड धरला आणि त्याला रांगेबाहेर काढलं. तो माणूस भांडला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी इमाम होतो, माझा एक शब्द पुरला असता. मी तोंड फिरवलं आणि नमाज सुरू केली. संपल्यावर बाहेर आलो तर त्याच्या चपला नव्हत्या.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या अम्मीलाही या आठवड्यात कळलं. लांब राहण्यात दोघांची अब्रू आहे, असं मी तुला लिहिलं, त्यात अब्रू फक्त माझी होती.

सोबत लाकूडवाल्यांसाठी पत्र जोडलं आहे. तू वाचलंस तरी चालेल. त्यात मी असं कुठेही लिहिलेलं नाही, की आपल्यात आणि त्यांच्यात काही फरकच नाही. फरक आहे. मी माझ्या पद्धतीवर आहे आणि मरेपर्यंत राहीन, त्यांनीही त्यांच्यावर राहावं. तोंड करायचा किबला एक आहे, किताब एक आहे, बाकीचा हिशेब ज्याचा त्याने वर गेल्यावर द्यावा. मी लिहिलं आहे, की हॉल मुलांच्या शिकवणीचा आहे, तिथे दुसरी जमात उभी राहायला कसलीच हरकत नाही. संध्याकाळी ते आपल्यापेक्षा थोडं उशिरा उभे राहतात, म्हणजे आपले लोक चपला घालेपर्यंत त्यांचे येतील, गर्दीसुद्धा होणार नाही. आणि अजानबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. त्यांनी हॉलमध्ये त्यांची अजान त्यांच्या शब्दांत पूर्ण द्यावी. त्यांचे जास्तीचे शब्द गाळून अर्धी द्या असं सांगायचं असेल तर दारच उघडू नका.

तू हट्ट केलास म्हणून नाही, तू कठडाही बंद केलास म्हणून हे पत्र लिहिलं गेलं. अम्मी म्हणते, मुलगी तिच्यावर गेली आहे. मी वाद घातला नाही.

खुशाली कळवत राहा.

तुझे,
अब्बा

ता. १५ जुलै

आदरणीय इमामसाहेब यांसी, एका अनोळखी माणसाचा सलाम. वि. वि.

आपली गाठ पडलेली नाही. मी इथल्या शिया मशिदीचा विश्वस्त, पेशाने भूगोलाचा मास्तर. पत्ता आपल्या मुलीकडून मिळवला, पण काय लिहिणार ते तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने अहवालासारखं तपासून दुरुस्त केलं असतं.

गेले चार महिने आम्ही आपल्या लोकांच्या हॉलमध्ये नमाज पढतो आहोत. सगळं गोडगोड चाललं असं लिहिलं तर आपण विश्वास ठेवणार नाही. पहिल्याच आठवड्यात झाडणाऱ्या बाईने आमच्या मातीच्या वड्या कचरा समजून टाकून दिल्या. आमची तरुण मंडळी तापली. मी त्यांना आवरतो आहे तोच लाकूडवाले स्वतः खाली आले आणि कचऱ्याच्या डब्यात हात घालून एकेक वडी वेचू लागले. एवढा मोठा माणूस, कोपरापर्यंत बाह्या सारून. त्यावर कोण काय बोलणार? दुसऱ्या दिवशी त्यांच्या वखारीतून वड्या ठेवायला शिसवी फळी आली. दोन महिन्यांनी पुन्हा एक कुरबुर झाली, या वेळी चूक आमची होती आणि माफी मी मागितली. असं चाललं आहे.

आणखी एक सांगायचं आहे. आपल्या मुलीने मुद्दाम आमची मशीद बंद पाडली, असं मी सुरुवातीला चारचौघांत बोललो होतो. चारचौघांत बोललेलं एकांतात मागे घेता येत नाही. म्हणून हॉलमधल्या पहिल्या शुक्रवारी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, की मी चुकलो, त्या बाईमुळे माझी बहीण जिवंत आहे. बहीण मागे बसली होती, ती म्हणाली, मोठ्याने सांग.

छत आता पूर्ण उतरवलं आहे. मुलगी रोज कचेरी सुटल्यावर येऊन बसते. तिने पास केल्याशिवाय गवंडी घमेलं उचलत नाहीत. एकदा बांधलेली सळई चार बोटं सरकली म्हणून तिने सगळी जाळी पुन्हा बांधायला लावली. मुकादम माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी म्हटलं, बाबा, मी स्वतः शिडीवर चढून हरलो आहे.

ऑक्टोबरअखेर मशीद उघडेल. आपण आणि आपल्या घरच्यांनी यावं. हा आग्रह आहे, औपचारिकता नाही.

आपल्या दुवेत जागा असू द्यावी.

आपला,
भूगोलमास्तर

ता. ६ नोव्हेंबर

चि. चिमणीस अनेक दुवा.

आम्ही सुखरूप पोचलो. तू दिलेला डबा गाडीतच संपला, रिकामा कुणाबरोबर तरी पाठवतो.

त्या दिवशी तू अम्मीबरोबर वर सज्जात होतीस, तेव्हा खाली काय झालं ते तुला कळलं नसेल म्हणून लिहितो. मास्तरांनी मला पहिल्या रांगेत नेलं. मी आपल्या पद्धतीने हात बांधले. डावीकडचे हात सोडून, उजवीकडचे हात सोडून. कुणी मान वळवून पाहिलं नाही. उजवीकडच्या गृहस्थांनी जरा सरकून मला पंख्याखाली घेतलं, तेवढंच. आणि खरं सांगतो, प्रवचनात माझं पुरतं लक्ष नव्हतं. मी छताकडे बघत होतो. एवढं सपाट, एवढं पांढरं, एकही रेघ नाही. खालून पाहणाऱ्याला वाटावं, यात करायचं काय असतं?

नमाजनंतर बाहेर चपला घालत होतो. दारात एक वयस्क गवंडी उभा होता, छताच्या कामावरचाच. नवखा चेहरा पाहून त्याने विचारलं, की आपण कोण, कुठले. लाकूडवाले माझ्या बाजूलाच होते. ते माझी ओळख सांगायला लागले, हे अमक्या ठिकाणचे पेशइमाम, मोठे आलिम, माझे उस्ताद. अडतीस वर्षं ही ओळख मी मान खाली घालून ऐकत आलो आहे आणि मनातून सुखावतही आलो आहे. त्या दिवशी मी त्यांना मध्येच थांबवलं. गवंड्याला म्हटलं, हे छत जिने आधी बंद केलं आणि मग उभं केलं, तिचा मी बाप.

त्याने हातातली थापी खाली ठेवली, पंच्याने हात पुसले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. म्हणाला, की बाईंनी आम्हाला फार छळलं.

हे अम्मीला परतीच्या गाडीत सांगितलं, तर ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, डोळे पुसते आहे. तेवढ्यात वळून म्हणाली, की मी बाप असं एकट्याचं काय सांगितलंत, मी पण वरच होते ना, हाक मारायची होती. तेव्हा पुढच्या वेळी, दोघांना एकदम उभं करून ओळख सांगता येईल अशा बेताने एखादी इमारत बांध.

आमचा जीव तुझ्यापाशी आहे, सांभाळून ठेव.

तुझे,
अब्बा
आणि अम्मी (हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे)