जिन्याची ड्यूटी

बूढापारा, रायपूर
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

चि. भार्गव,

तुले आशीर्वाद. मी तुझी आई. आठवत नसेल म्हणून ओळख देऊन राहिली. दिवाळीत चार्जर इथंच विसरून गेला, तर आईचं काय एवढं! सूनबाई लताचा गुडघा कसा आहे? माझं बरं आहे, दात सोडून.

पत्र तुझी पूर्णिमाच लिहून राहिली. शेजारच्या अच्युतनंही लिहून दिलं असतं, पण मले तिच्याच हातचं पाहिजे. फोनवर ती तुले "सब ठीक है पापा" म्हणते अन् ठेवून देते. काहीच ठीक नाही, भार्गव.

इथं पेन थांबला. मले अक्षर कळत नाही, पण मी किती बोलली अन् पेन किती चालला, एवढं कळते. लिही, पोट्टे.

ही शिकवते त्या शाळेत चित्रा मॅडम आहेत, प्रिंसिपलच्या लाडाच्या. त्यांना उन्हात प्रार्थनेले उभं राहणं नाही, वह्या तपासणं नाही, मधूनच स्कूटी काढून गेल्या तरी कोणी विचारत नाही. प्रिंसिपल माणूस वाईट नाही, पण शेवटी जो बोलून जाईल त्याचंच त्याले खरं वाटते. पूर्णिमानं तक्रार केली की तो म्हणते, ॲडजस्ट कर लो बेटा.

मंगळवारी शाळा सुटताना जिन्यावर चित्रा मॅडमची ड्यूटी होती. त्या प्रिंसिपलले सांगून एक वाजताच गेल्या. पूर्णिमा वर त्यांचाच वर्ग सांभाळून राहिली होती. खाली लेकरांची लोटालोटी झाली अन् दुसरीतला राजस जिन्यावरून पडला. डोक्याले मार. अजून डोळे उघडले नाहीत.

संध्याकाळी प्रिंसिपलनं ड्यूटीचं रजिस्टर पूर्णिमासमोर ठेवलं. चित्राचं नाव खोडून वर हिचं लिहिलं होतं. "सिर्फ कागज है, मैं संभाल लूंगा." असं म्हणाला तो. हिनं सही केली नाही. उद्या सांगते म्हणून घरी आली.

इथवरचं तुले कोणीही सांगेल. पुढचं मलेच सांगावं लागते. तिनं मले विचारलं, "आजी, क्या करूं?" अन् मी म्हटलं, मोठ्या माणसाशी वाकडं नको, मार्चमध्ये तू नोकरीत पक्की होशील, करून टाक सही. बुधवारी तिनं केली. माझ्या सांगण्यावरून.

सोमवारी चौकशीवाले येऊन राहिले. राजसचा बाप रोज फाटकाशी उभा राहते. कोणाले बोलत नाही, आत जाणाऱ्या मॅडमांचे चेहरे पाहते. काल त्यानं चपराशाले विचारलं, पूर्णिमा मॅडम कोणत्या.

तेव्हापासून दाराची कडी वाजली की आम्ही दोघी गप होतो. मी म्हातारी भुतालेही भ्यायली नाही कधी, आता दूधवाल्याले भिते. त्या लेकराले काही झालं तर... बस, पूर्णिमा, पुढचं नको लिहू.

सोमवारी ती खरं सांगणार आहे. यावेळी मी काही शिकवलं नाही. तीच आत्ता पेन ठेवून म्हणाली. नोकरी जाईल तर जाऊ दे. पण चौकशीच्या त्या वरच्या खोलीत प्रिंसिपल, चित्रा अन् सगळे एका बाजूले बसतील, अन् ही एकटी. माझे पाय जिना चढत नाहीत.

अच्युत उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरले जाऊन राहिला, पत्र त्याच्या हाती देते. आधी त्याच्याकडून वाचून घेईन. पोट्टीनं काही गाळलं असेल तर पुन्हा बसवीन.

चुकीचा सल्ला देणारी
तुझी आई, गोदावरी

ता. क. लताले सांग, गोळाभातासाठी डाळीचा भरडा काढून ठेव. मंगळवारपासून पोट्टी धड जेवली नाही, तेवढं खाईल. कुरियरनं नको पाठवू. रविवारी तूच घेऊन ये.