ताटावर आडवा हात

ती. आईस,
तुझ्या पिठाने माखलेल्या हातांना नमस्कार.

या परक्या शहरात मी मजेत आहे. दर रविवारी वर्गातल्या मुलींबरोबर नवी खानावळ शोधते. कुठे वाफाळतं सूप, कुठे भट्टीतला ताजा पाव. चंगळ आहे नुसती!

काल घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलं. भात सुरेख झाला होता. पुन्हा वाढायला आल्या, तेव्हा मी सवयीने ताटावर हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हटलं. तर त्या खरंच भांडं उचलून आत गेल्या! मग खोलीवर येऊन बिस्किटं खाल्ली. हसू नकोस.

आता मी पहिल्याच खेपेला "हो" म्हणणार.

बाबांचा गुडघा कसा आहे? तू वेळेवर जेवतेस ना?

सुट्टीत घरी आले की मी पुन्हा हात आडवा धरीन. तू मात्र थांबू नकोस, खुशाल माझ्या बोटांवर वाढ.

तुझी,
चिऊ