शिंप्याच्या रक्तातले राखणदार

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

थोरलीचे अ. उ. आ. वि. वि. इकडे सगळे धड आहेत, नसायला काय झालं. मला काम मिळालंय, हसू नकोस. तापाची साथ सरली, आता दवाखान्याची माणसं घरोघर जाऊन रक्त घेतात. ताप कुणाकुणाच्या अंगात येऊन गेला ते बघायचं म्हणे. डॉक्टरीणबाईंना कुणी दार उघडेना, म्हणून मला बरोबर घेतलं. माझ्या तोंडाला भिऊन सगळे उघडतात.

बाई गुणी, पण बोलतात पुस्तकासारखं. अंगणात उभ्या राहून प्रतिपिंडं, प्रतिपिंडं. समोरची म्हातारी म्हणाली, आमच्याकडे कुणी खात नाही. मग मीच पुढे झाले. म्हटलं, ताप येऊन गेला की शरीर रक्तात राखणदार ठेवतं, पुन्हा आला तर हाकलायला. ते आहेत का एवढंच बघायचं. म्हातारीने लगेच बाही वर केली.

आता मुद्द्याचं. तो गिरणीवाला दळणाला आलेल्या प्रत्येकीला अजून सांगतो की शिंप्यानेच शहरातून कापडाबरोबर ताप आणला. त्या बोलण्यापायी तुम्ही गाव सोडलंत, तुमच्या दुकानाचं कुलूप बघितलं की माझं डोकं फिरतं. मेहुण्यांचं रक्त तिकडे तपासून घे. राखणदार नाही निघाले तर त्यांना ताप झालाच नाही, मग आणतील कुठून? तो निकाल मी गिरणीवाल्याच्या तोंडावर मारते. उत्तराला उशीर केलास तर मीच येऊन बसेन, मग माझी उठबस करावी लागेल.

तुझी थोरली

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकटीचा सा. न. वि. वि. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. आधी नाहीच म्हणाले. कारखान्यात यांच्याकडे नुसत्या कॉलरी आहेत गं ताई. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉलरी. पुरा झालेला शर्ट डोळ्यांनी दिसत नाही. घरी आले की भिंतीकडे बघत बसतात. तू लिहिलंस म्हणून मी हट्ट धरला.

दवाखान्यातली मुलगी सुई टोचत होती आणि यांचं लक्ष तिच्या कोटाच्या बाहीवर. खांद्यात चुकलीय, काढून द्या, आत्ता नीट करतो, म्हणाले. तिला वाटलं भोवळ आली. तिने बळेच पाणी पाजलं.

पण ताई, राखणदार निघाले. भरपूर आहेत म्हणाली. यांनी घरी येऊन मशीनवर चादर टाकली. म्हणाले, गिरणीवाला खरंच बोलत होता तर. आता दुकान ज्याला हवं त्याला देऊन टाकायला सांगा. मला काही सुचत नाही. कृपा करून हे कुणाला कळू देऊ नकोस. दाजींनाही नको. तुझी माया अशीच असू दे, मला दुसरं कोण आहे.

तुझी धाकटी

ता. २४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. वि. वि. रडूबाई, आधी डोळे पूस. कुणाला कळू देऊ नकोस हे पत्राच्या शेवटी लिहितात का? टपालवाल्याने मला गिरणीतच गाठलं, आणि मला मनात वाचता येत नाही हे तुला जन्मापासून ठाऊक आहे. गिरणी चालू, म्हणून आवाजही चढवलेला. राखणदार निघाले इथपर्यंत आले तेव्हा कुणीतरी गिरणी बंद केली. मग पुढचं सगळ्यांना आणखी स्वच्छ ऐकू गेलं.

मला वाटलं आता संपलंच. तेवढ्यात तीच म्हातारी म्हणाली, शिंप्याला आहेत होय? मलाही आहेत. मग एकेक बोलू लागली. ज्यांनी साधं शिंकलोही नाही अशा शपथा घेतल्या होत्या त्यांनाच जास्त. आमच्या यांना तर गच्च. आंघोळीचं पाणी गार होतं म्हणून खोकतो म्हणाला होता हा माणूस! शाळेचे मास्तरही कबूल झाले की शिंपी कापड घेऊन शहरातून परतायच्या आधीच ते अंथरुणाला खिळले होते. मी डॉक्टरीणबाईंना हाताला धरून आणलं आणि मोठ्याने बोलायला लावलं. कोणी कुणाला ताप दिला ते रक्त सांगत नाही, म्हणाल्या. माझ्यावर मात्र चिडल्या. दुसऱ्याचा निकाल सांगायचा नसतो म्हणे. मी म्हटलं, मी कुठे सांगितला, मी वाचला.

राखणदार नाहीत ते फक्त गिरणीवाल्याला. आता तोंडाला फडकं बांधून काठीने दळणाचे डबे ओढतो. बायका म्हणतात, गळ्याचं माप घ्यायला राखणदारवाला शिंपीच बरा. फाटके कपडे घेऊन माझ्या दारात येतात. कुलूप काढायला या.

तुझी थोरली

ता. ५ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र ऐकून हे किती महिन्यांनी पोट धरून हसले. दाजींच्या आंघोळीला तर दोनदा.

पण यायचं नाही म्हणतात. इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय, राखणदार हळूहळू कमी होतात. हे म्हणाले, ते संपले की गाव मला पुन्हा बाहेर काढणार का? मी काय औषध आहे? मला शिंपी म्हणून बोलवायचं असेल तर ज्याने घालवलं त्याने बोलवावं. ताई, मला यांचं पटतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. तो कशाला बोलावतोय! रागावू नकोस, आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी

ता. १२ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. वि. वि. मेहुण्यांचं बोलणं मी गिरणीवाल्याला शब्दाला शब्द सांगितलं. तो काठी धरून उभा. म्हटलं, बोल, मी लिहिते. चुकलं हा शब्द काही त्याच्या घशातून बाहेर येईना. तुमच्या शिंप्याला सांगा, म्हणाला, आणि पुढे नुसता खाकरला. मग म्हणाला, दुसऱ्याने शिवलेल्या पँटीत मला बसता येत नाही. मी म्हटलं, ही काय माफी झाली? तो म्हणाला, मला एवढीच येते.

मग मी सोडते काय! म्हटलं, येते तेवढी त्यांच्या तोंडावर जाऊन माग. दोन दिवस मला टाळलं. आज सकाळी गिरणीला कुलूप लावून निघालाय. धाकटे, एकही राखणदार नसलेला माणूस भरल्या बसमध्ये उभा राहून येतोय. हे पत्र त्याच्याच हाती देतेय. म्हणजे तू हे वाचत्येस तेव्हा तो तुझ्या दारात फडकं काढून उभा असेल. त्याला बोलता येणार नाही, वाट बघू नका. मेहुण्यांना म्हणावं मशीनवरची चादर काढा, टेप घ्या आणि आधी त्याचं कमरेचं माप घ्या. बोलणं आपोआप निघेल. आणि त्याला परतीच्या गाडीत एकट्याला पाठवू नका. तिघं बरोबर या.

मायेचं काय लिहू, ती आहेच, कुठे जात नाही.

तुझी थोरली