देठातला लाल रस

ईडन प्रेरी, मंगळवार संध्याकाळ

आज गांजाची (इथे तो परवान्याने पिकवतात) छाटणी करताना देठातून लाल रस आला. ग्रीनहाउसचे मालक सुहासकाका ओरडले, "खत जास्त झालं! टाकीतलं खतपाणी बदल, नाहीतर सगळी झाडं कचऱ्यात."

खत मीच मोजून पाण्यात घालतो. चुकलो असेन का? पुन्हा मोजलं, बरोबर होतं. त्याच बियाण्याची रोपं अजून नुसत्या पाण्यावर आहेत. एकाचा देठ कापला. तिथेही लालच. म्हणजे रंग वाणाचाच ना?

काकांना दाखवलं. हसले. "अर्धं कॉलेज आणि पूर्ण अक्कल! टाकी बदल."

"नाही बदलणार, काका. मला काढा हवं तर."

नोकरी गेली तर गेली. उद्या जाणार, आणि खत त्याच मापाने घालणार.