नाव न घेता सांगा

३ सप्टेंबर २०२५
आले एकदाची! आजपासून भाईंदर पश्चिमेला, फरसाणवाल्याच्या वरच्या मजल्यावरच्या अभ्यास केंद्रात. मानसशास्त्र जिथे घडलं त्या जर्मनी-ऑस्ट्रियातल्या जुन्या प्रयोगशाळांत जाऊन त्याचा इतिहास शिकायचा, सहा आठवडे. जागा एकच, आणि ती मला हवीय. आधी इथे दोन महिने तयारी. आईने अख्ख्या सोसायटीला सांगून टाकलंय की आमची पंचशीला फॉरेनला चालली. शिकवणारे लीलाधर सर अगदी मऊ बोलतात. गेल्या वर्षी जाऊन आलेली संचिता त्यांच्या मदतीला असते. मजा येणार.

६ सप्टेंबर
त्या काळी माणसं स्वतःच्या मनाचं निरीक्षण कसं करायची, ते शिकतोय. समोर वस्तू ठेवतात. तिचं नाव घ्यायचं नाही, फक्त जाणवतं ते सांगायचं. केळं म्हटलं की चूक. पिवळं, लांबट, गुळगुळीत, हे बरोबर. माझ्या अकरा चुका, संचिताची एकही नाही. असली चिडले स्वतःवर! घरी येऊन चमचा, कुकर, चप्पल, दिसेल त्यावर सराव केला. आई म्हणाली, पोरीचं डोकं फिरलं.

१५ सप्टेंबर
आज एकही चूक नाही. आता चेहरे. सर म्हणाले, सगळ्यात जवळच्या माणसावर सराव करा, तिथेच नाव सुटत नाही. म्हणून आई रोज तासभर माझ्यासमोर बसते. भाकऱ्या थापून दमलेली असते, तरी बसते. मध्येच लाजते आणि म्हणते, काय बघतेस एवढं.

२४ सप्टेंबर
जवळच्या राई गावाहून एक बाई रोज दुपारी संचिताचा डबा घेऊन येतात. संचिता त्यांना थँक यू मॅडम म्हणते. आज त्या जिन्यात रडत बसलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "मी आय हाय तिची. तयारीला बसली तवापासून वलखत न्हाय."
तशीच वर गेले आणि सरांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, इतका शुद्ध निरीक्षक तिकडेही कुणाला घडवता आला नव्हता. माणूस आहे की दगड! तोंडावर सांगितलं, घाला चुलीत तुमची जर्मनी. पण भांडता भांडता त्यांच्या हातातल्या त्या पांढऱ्या, पोकळ, वाफाळत्या वस्तूचं नाव मला आठवेना.

२७ सप्टेंबर
सराव बंद केलाय. नावं पुसली जाणं बंद होत नाही. सरांना फोन केला, उचलत नाहीत. नालायक! घरभर कागद चिकटवले. दार. पंखा. गॅस. आई म्हणाली, मला पण लाव. पिन घेऊन स्वतःच एक कागद साडीवर टोचला. 'आई'. संताप होतोय, आणि तिच्यासमोर रडताही येत नाही.

२९ सप्टेंबर
कागदांवर काळं. वाकडं. लिहिता येतंय, पण लिहिलेलं वाचता — मीच केलं हे. मीच बसवलं तिला समोर, रोज, त्या एका जागेसाठी. मूर्ख. मूर्ख.

१ ऑक्टोबर
घरात काहीतरी शिरलंय. तपकिरी. सुरकुतलेलं. दोन ठिकाणी ओलं. सकाळपासून माझ्या मागे मागे. ओरडले, ढकललं — जात नाही.
आई कुठेय? हाका मारतेय. प्रत्येक हाकेला हेच पुढे येतं. यानेच काहीतरी केलंय तिला.

दुपार
हातात थंड, लांब. एका कडेला धार. येऊ दे आता.
ते म्हणतं, "पंचे, मी हाय गं. माय तुझी."
आवाजसुद्धा तिचा चोरलाय. सोडणार नाही. माझ्या आईला — जवळ आलं. हात पसरून, अगदी जवळ —
लाल. गरम. माझ्या मनगटापर्यंत. अजून ते माझ्या केसांवरून हात —