देव्हाऱ्यातला मोगरा

नाशिक, ६ मार्च २०२५

ती. उज्वलाआत्यास,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून हसू नकोस. घर एवढंसं, कुजबुजलं तरी आजोबांना ऐकू जातं, आणि विषय त्यांचाच आहे.

तरन्नुम मॅडमनी यंदा आमच्या सातवीला शाळेच्या बागेत वसंत कधी येतो ते शोधायला लावलंय. प्रत्येक गटाला एक झाड. पहिलं फूल उमललं की भिंतीवरच्या तक्त्यात तारीख लिहायची. कांचन फुलला, पांगारा फुलला. आमच्या गटाचा मोगरा मात्र संध्याकाळी टपोरी कळी दाखवतो आणि सकाळी नुसती पानं! शेवटी मी एका कळीच्या देठाला लाल दोरा बांधला. काल तो सापडला. कुठे, तर आपल्याच देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या डोक्यावर, मोगऱ्यासकट.

डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलंय, म्हणून आजोबा पहाटे शाळेपर्यंत जातात आणि कुंपणाच्या जाळीतून हात घालतात. इकडे शाळेत सगळे जण वॉचमन असलेल्या फकिरामामांवर संशय घेतायत. मी गप्प बसले तर त्यांची नोकरी जाईल. बोलले तर आजोबा गावी, कळवणला निघून जातील. तसाही त्यांनी महिनाभर तोच धोशा लावलाय. तिथे एकटे कसे राहतील गं ते? आईबाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

लोभ असावा, आणि या खेपेला थोडी अक्कलही पाठवावी.

तुझी,
आरोही

येवला, १० मार्च

चि. आरोहीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग डोळे पुसले. अगं, कळवणला आमच्या आळीत देवासाठी फूल कुणाच्याही कुंपणातलं घ्यावं, कुणी विचारत नाही की रागावत नाही. आमची जास्वंद शेजारचा दत्तूकाका आम्ही उठायच्या आत न्यायचा. अण्णांची जन्माची सवय नाशिकला आली म्हणून कशी सुटेल?

पण चोर सोडून संन्याशाला फाशी नको. फकिरामामांची काळजी तुला वाटली, याचा मला अभिमान वाटतो. तुझ्या बाबाला मध्ये घालू नकोस, संतोष उगाच आवाज चढवील. तूच अण्णांजवळ बस आणि सरळ सांग. रागावून निघालेच तर मी येऊन स्टँडवर बससमोर आडवी पडेन. भीती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू.

अभ्यासाकडेही अधूनमधून बघत जा. पत्राची वाट पाहणारी,

तुझी आत्या

नाशिक, १७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. आजोबा रात्री जेवलेच नाहीत. सकाळी मी उठले तर त्यांच्या अंथरुणाची घडी, आणि टोपी-काठी गायब. बाबा स्कूटरवरून स्टँडकडे धावले. मी रडतच शाळेत गेले, तर आजोबा फाटकात उभे! त्यांनी सगळ्यांसमोर फकिरामामांना हात जोडले आणि फुलं मी नेली, या माणसाचा काही दोष नाही, असं मोठ्याने सांगितलं. मामा इतके अवघडले की तेच आजोबांच्या पाया पडले.

मॅडम रागावल्या नाहीत. पहिलं फूल कधी मिळालं, एवढंच त्यांनी विचारलं. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, उपवास सोडताना देवाला वाहिलं, असं आजोबा लगेच म्हणाले. आमच्या गटातल्या संघर्षने टाळ्या वाजवल्या आणि मी तक्त्यावर तारीख लिहिली.

पण घरी येताना आजोबा म्हणाले, आता इथे तोंड दाखवायला जागा नाही, पाडवा झाला की कळवण. तारीख मिळाली आणि आजोबा चालले. असला वसंत मला नकोय.

तुझी रडवेली,
आरोही

नाशिक, २८ मार्च

चि. सौ. उज्वला हिस,
अ. उ. आ.

तुम्ही आत्या-भाची माझ्यामागे पत्रं लिहिता, हे मला ठाऊक आहे. तुझं पाकीट पोस्टमनने माझ्याच हातात दिलं होतं. अक्षर ओळखलं, उघडलं नाही, पोरीच्या दप्तरात ठेवून दिलं.

शनिवारी तिच्या वर्गातली पोरं घरी आली. मला वाटलं, चिडवायला आली. तर त्यांचं गाऱ्हाणं निराळंच. अनंताच्या झाडाला कळ्या धरल्यात, शाळा उघडेपर्यंत फूल उमलून जातं, पहाटे बघायचं कुणी? सगळी म्हणाली, आजोबा, तुम्हीच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या बघ कार्ट्यांनी. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण आरोही माझ्याकडे अशी बघत होती की तोंड मिटून घेतलं. त्या पोरीवर माझा फार जीव आहे.

आता पहाटे मी आणि फकिरा बागेत फिरतो. फूल झाडावरच ठेवतो आणि तिथूनच बाळकृष्णाचं नाव घेतो. पहिल्या दिवशी हात शिवशिवला. आता देवाला झाडावरचंच फूल आवडतं, असं मी ठरवून टाकलंय.

महेशराव कांद्याच्या कामाला कळवणला जाणार आहेत असं कळलं. जावयाला काम सांगू नये, पण सांगतो. मी इथे थंडीपुरता म्हणून आलो होतो, सोबत सगळे गरम कपडे. घराची किल्ली दत्तूकडे आहे. कपाटात माझे उन्हाळ्याचे पातळ सदरे आहेत, ते घेऊन यायला सांग. एखाददुसरा नको, सगळेच.

मुलांना आशीर्वाद. बापावर माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा,
अण्णा