कुंची उशिरा पोचली

बसवनगुडी, बेंगळूर
नाताळ, १९५८

तीर्थरूप आईस चंपाचा नमस्कार.

बाळी गेल्याची तार मिळाली असेलच. तू शिवलेली कुंची दुसऱ्या दिवशी आली. आधी पाठवली असती तर, असं म्हणत बसू नकोस.

मी जेवते. शेजारच्या गंगव्वा अक्का "स्वल्प तरी खा" म्हणत समोर बसतात. आपली तांबडी गाय व्याली का? बाबांचा खोकला कसा आहे?

इथे यंदा थंडी बेताचीच आहे. तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, म्हणून ह्यांनी तिला मातीत ठेवलं. तेव्हापासून मी रेडिओवर रोज हवामान ऐकते. सुटीचा सगळा आठवडा कोरडा जाणार म्हणतात.

माती ओली व्हायची नाही. कुंचीवाचूनही तिला गार लागणार नाही, आई.

तुझी,
चंपा